सोलापूरचं दुखणं

"दमा आहे का?"

"न्हाय."

"कुठल्या औषधानं अंगावर पुरळ, खाज, सूज?"

"न्हाय. त्या बाबतीत त्यांचं अंग लई चांगलं हाय."

"काकू, मी काकांना विचारतेय."

"त्यांना काय विचारायलाव? त्यांना सदऱ्याचं बटन तुटलेलं ठावं नसतंय," उमाबाई म्हणाली. "मला विचारा."

अक्षदा नावाची ती नर्स हसली. महारुद्रही हसला. खाटेच्या कडेला तो पाय खाली सोडून बसला होता. स्कॅन सेंटरचा हिरवा झगा त्याला आखूड होत होता आणि खालून त्याच्या पायांच्या काड्या दिसत होत्या. त्याच्या गळ्यातली चेन, बोटातली अंगठी आणि कमरेचा करदोटा उमाबाईच्या पदराच्या गाठीत होता.

"साखरेची गोळी?"

"परवापासनं बंद. डाक्टरनी सांगितलं तसं. काल रात्री एकच भाकर दिली, आज सकाळपासनं नुसतं पाणी. रक्त तपासलंय. किडनीचा आकडा बरोबर हाय म्हणले."

"वा. सगळ्यांच्या बायका अशा पाहिजेत." अक्षदाने महारुद्रच्या कोपराच्या वळणात बोट दाबून शीर शोधली. "आता शेवटचं. याआधी असं शिरेतून औषध देऊन फोटो काढलाय का कधी? सीटी म्हणा, नाहीतर किडनीचा एक्स-रे?"

"कधीच न्हाय."

"काका?"

महारुद्रने समोरच्या भिंतीकडे पाहिलं. तिथे पंखा वापरू नये अशी सूचना होती आणि पंखा नव्हता.

"न्हाय," तो म्हणाला.

सुई शिरेत गेली. अक्षदाने वर चिकटपट्टी लावली आणि सगळ्यांना सांगते तेच सांगितलं. आधी एक फोटो साधा निघेल. मग या सुईतून मशीन औषध सोडेल. आयोडीनचं औषध असतं, त्यानं गाठ उजळून दिसते आणि तिच्यातून रक्त कसं फिरतं ते डॉक्टरांना कळतं. औषध आत गेलं की अंगातून गरम लाट गेल्यासारखं वाटेल. तोंडाला तांब्याच्या भांड्यासारखी चव येईल. लघवी झाली असं वाटेल, पण झालेली नसते. हलायचं नाही.

"आन् झालीच तर?" महारुद्रने विचारलं.

"नाही होत काका."

"न्हाय, पर झालीच तर? झगा तुमचाय."

"गप बसा," उमाबाई म्हणाली. पण तिला बरं वाटलं. महिन्यापूर्वी सोनोग्राफीत डाव्या मूत्रपिंडावर गाठ दिसल्यापासून तो असं काही बोलला नव्हता.

नंबर यायला वेळ होता. उमाबाई बाहेर बाकावर येऊन बसली आणि तिला दारातून अयोध्या आत येताना दिसली.

अयोध्या बेंबळीहून जीपने आली होती, हे तिच्या पदरावरच्या धुळीवरून कळत होतं. हातात पिशवी. तिने चपला दाराबाहेर काढल्या, दवाखान्यात कुणी काढत नाही तरी. टेबलामागच्या मुलाने विचारलं, "कोण तुम्ही पेशंटच्या?"

"गावाकडची हाय," अयोध्या म्हणाली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली.

ती नेहमी हेच सांगायची. महारुद्रच्या लेकाच्या, सुरजच्या जावळाला, घराच्या वास्तुशांतीला, महारुद्र एसटीतून निवृत्त झाला तेव्हा डेपोत झालेल्या कार्यक्रमालाही. ती महारुद्रची पहिली बायको होती. मूल झालं नाही म्हणून आठ वर्षांनी त्याने उमाबाईशी लग्न केलं. स्थळ बघायला लोहाऱ्याला अयोध्याच आली होती आणि मुलीच्या हाताला हळद लावून तिनेच पसंती सांगितली होती. नंतर ती बेंबळीच्या शेतात राहिली आणि उमाबाई धाराशिवला डेपोजवळच्या घरात. सुरज झाला. घर झालं. पेन्शनच्या कागदावर नाव अयोध्याचं होतं, कारण कायद्याने दुसरं लागत नव्हतं, पण घरात सगळं उमाबाईचं होतं.

तरी उमाबाईच्या मनात बेंबळीचा काटा कायम होता. अयोध्या भांडली असती तर तिला बरं झालं असतं. ती भांडत नव्हती. हरभऱ्याचे घाटे पाठवायची, सुरजला लोणी पाठवायची, आणि महारुद्र शेतावरून परत आला की त्याच्या तोंडावर एक निवांतपणा असायचा, तो उमाबाईला डोळ्यांत खुपायचा. सुरज रांगत होता तेव्हा तिने महारुद्रला सोनारीला नेलं होतं. भैरवनाथ त्याचं कुलदैवत. तिथे, देवासमोर भंडारा हातात देऊन, तिने त्याच्याकडून शपथ घेतली होती. दिवसा शेतावर जायचं, कितीही जायचं, पण बेंबळीत रात्र काढायची नाही. महारुद्रने शपथ घेतली. एसटीचा ड्रायव्हर, रात्री कुठे कुठे मुक्कामी गाड्या नेणारा. पण बेंबळीला मुक्काम नव्हता, आणि तो तिथून दर वेळी संध्याकाळच्या आत परत येत होता.

"कुणी कळवलं तुम्हाला?" उमाबाईने विचारलं.

"त्यांचा फोन आला हुता."

"कधी?"

"काल."

काल महारुद्र दूध आणायला गेला होता आणि उशिरा आला होता. उमाबाईने पदराची गाठ घट्ट केली.

"अक्का, उगा कशाला तरास घेतला? साधा फोटोच हाय."

"साधा हाय का?" अयोध्याने तिच्याकडे पाहिलं. "का औषध देऊन काढायलेत?"

"औषध देऊन."

"ते अंगात गरम होतंय ते?"

उमाबाई तिच्याकडे वळली. गरम लाटेचं अक्षदाने आतल्या खोलीत सांगितलं होतं. तेव्हा अयोध्या जीपमध्ये होती.

"तुम्हाला कुणी सांगितलं गरम होतंय म्हणून?"

अयोध्याने पिशवी बाजूला ठेवली. मग ती बाकावर जवळ सरकली. "उमा, त्यांना ते देऊ नगा म्हणून सांग. सोसत न्हाय त्यास्नी. मागं लई बेकार झालं हुतं."

"मागं म्हंजे कधी?"

"झालं हुतं."

"कधी, अक्का?"

"ते मी तुला सांगते सगळं. तू आधी आत सांग जा."

"न्हाय. आधी सांगा."

समोर दार उघडलं. अक्षदाने महारुद्रला दंडाला धरून मोठ्या खोलीत नेलं. जाताना त्याने बाकाकडे पाहिलं. दोघी शेजारी शेजारी बसलेल्या दिसताच त्याने मान वळवली. दार बंद झालं आणि वरचा लाल दिवा लागला.

"सुरज धाव्वीला हुता त्या साली," अयोध्या म्हणाली. "सोलापुरात. मुतखडा हुता."

उमाबाईला ते वर्ष आठवायला वेळ लागला नाही. नवरात्र. तुळजापूरला जादा गाड्या सोडल्यात, तिकडेच राहावं लागणार, असं सांगून महारुद्र गेला होता. दहा दिवस. परत आला तेव्हा गाल बसले होते. हॉटेलचं खाऊन असं झालं म्हणाला. तिने त्याला डिंकाचे लाडू करून घातले होते. दंडावर काळानिळा डाग होता. बॉनेट उघडताना लागलं म्हणाला. तिने त्या डागावर हळद-तेल लावलं होतं. रोज. स्वतःच्या हाताने.

"कुठल्या दवाखान्यात?" तिने विचारलं.

"उमा, ते औषध..."

"किती दिवस हुते?"

"आठ-धा दिवस."

"आन् तुम्ही तिथंच?"

"मग त्यास्नी कोण हुतं तिथं?"

"मी मेले हुते का?" उमाबाई म्हणाली. टेबलामागच्या मुलाने वर पाहिलं. तिने आवाज खाली आणला, पण प्रश्न थांबले नाहीत. तिचं तिलाच दिसत होतं की आपण चुकीचं काहीतरी विचारतोय, आणि तरी पुढचा प्रश्न तोंडात तयार होता. "सोलापूरला कुठनं गेलाव? घरनं तर ते गाडीवर गेले हुते. बेंबळीतनं गेलाव ना? रात्री हुते ना ते तिथं?"

अयोध्याने तिचा दंड धरला. शेतातल्या बाईचा हात होता तो, दगडासारखा.

"व्हय. हुते. पहाटं पोटात कळ आली. घरात लोळायले, मग म्या जीप केली. तू मला घरी नेऊन जोड्यानं हाण. तुझ्या दारात उभी ऱ्हाते. पर आता आत जा. त्यांचा आवाज बंद झाला हुता तिथं, कळतंय का? माणूस हातचं चाललं हुतं."

उमाबाई उठली. लाल दिव्याखालच्या दारावर तिने तळहाताने थापा मारल्या. टेबलामागचा मुलगा "ओ मावशी, ओ मावशी" करत धावला. दाराच्या फटीतून अक्षदाचं तोंड दिसलं.

"काय झालं काकू? मशीन चालूये."

"औषध दिलं का?"

"अजून नाही. साधा फोटो चाललाय. का?"

"त्यास्नी ते सोसत न्हाय," मागून अयोध्या म्हणाली. "मागं दिलं हुतं."

"त्या गावाकडच्या आहेत," टेबलामागचा मुलगा म्हणाला. अक्षदाने दोघींकडे पाहिलं. "थांबा मावशी, घरच्यांना बोलू द्या. काकू, तुम्ही तर मघाशी नाही म्हणालात. कधीच नाही, म्हणालात."

इतक्या वर्षांत महारुद्रचा एकही ताप आपल्या हातून सुटला नव्हता असं उमाबाई धरून चालली होती. टायफॉइड, कंबर, डाव्या पायाच्या अंगठ्याचं वाढणारं नख. शेजारणींना ती सांगायची, त्यांच्या अंगाचं मला त्यांच्यापेक्षा जास्त कळतंय.

"मला ठावं नव्हतं," ती म्हणाली.

"मग यांना कसं माहीत?"

अयोध्याने खाली पाहिलं. यावरही ती काही बोलणार नव्हती, हे उमाबाईला कळलं.

"बायको हाय त्यांची," उमाबाई म्हणाली. "पहिली."

अक्षदाने आणखी काही विचारलं नाही. ती आत गेली, यंत्राची घरघर थांबली, आणि थोड्या वेळाने डॉक्टरांनी दोघींना आत बोलावलं.

महारुद्र यंत्राच्या तोंडाशी आडवा होता, दोन्ही हात डोक्यामागे. हातातल्या सुईला जोडलेली नळी वर स्टँडवरच्या औषधाच्या नळकांड्यापर्यंत गेली होती. औषध पाण्यासारखं होतं, त्याला रंग नव्हता. खोली थंडगार होती. डॉक्टर तरुण होते आणि घाईत होते, पण आवाज चढवत नव्हते.

"बाबा, तुम्हाला याआधी असं औषध दिलं होतं? त्रास झाला होता?"

"न्हाय साहेब."

"या म्हणतात, सोलापूरला दिलं होतं."

"तिला काय कळतंय? खेड्यातली बाई. दुसरं कायतरी असंल."

असं म्हणताना तो डॉक्टरांकडे बघत नव्हता, अयोध्याकडेही नाही. तो उमाबाईकडे बघत होता. डोक्यामागे हात घेऊन, झग्यातून बाहेर आलेल्या पायांनी, नळी जोडलेल्या अवस्थेत तो तिच्या तोंडावरचा भाव वाचत होता. त्या औषधापेक्षा तो तिला जास्त भीत होता. उमाबाईला ते क्षणभर गोड वाटलं. अख्ख्या संसारात तिला याच गोष्टीची खात्री हवी होती की तिच्या रागाला या माणसाच्या लेखी किंमत आहे. ती अशी मिळेल असं तिला वाटलं नव्हतं.

तिने पदराची गाठ सोडली, पुन्हा बांधली.

"सोनारीची शपथ सुटली," ती म्हणाली. "ऐकलं का? मी घातली हुती, मीच सोडायले. भैरवनाथाच्या नावानं सुटली. आता खरं सांगा."

डॉक्टरांनी अक्षदाकडे पाहिलं. अक्षदाने डोळ्यांनी त्यांना थांबायला सांगितलं.

महारुद्र छताकडे बघत राहिला.

"दिलं हुतं," तो म्हणाला. "खड्याच्या टायमाला. लई घुसमटलो हुतो."

"मग मघाशी का नाही सांगितलं, काका?" अक्षदाचा आवाज चिडका झाला होता. "मी विचारलं होतं ना?"

"ही हुती ना शेजारी."

डॉक्टरांनी नळी काढायला सांगितली. मग ते अयोध्याकडे वळले. औषध गेल्यावर किती वेळात सुरू झालं, आधी काय झालं, मग काय, हे त्यांना नीट हवं होतं. महारुद्रला स्वतःला गरम झालेलं आणि मग अंधार, एवढंच आठवत होतं.

अयोध्या हात जोडल्यासारखे समोर धरून सांगत होती. "आधी शिंका आल्या. मला वाटलं, थंडी वाजली. मग कानाच्या पाळ्या लाल झाल्या, खाजवाया लागले. मग अंगभर गांध्या. ह्या एवढ्या. मग बोलायले पर आवाज येईना. छातीत शिट्टी वाजल्यावानी. डाक्टरनी मांडीत सुई मारली, नाकाला नळी लावली. मग रातभर पाठ चोळली म्या. झोपंना गेले. माझा हात सोडंनात."

"पाठीचं राहू द्या," डॉक्टर म्हणाले. "शिंका आधी, हे नक्की?"

"नक्की."

उमाबाई भिंतीला टेकून उभी होती. तिने ऐकू नये असं कुणी म्हटलं नव्हतं. तो हात न सोडणारा महारुद्र तिला दिसत होता आणि तो माणूस तिच्या ओळखीचा नव्हता. तिच्याकडे तो तापातही "जा, झोप तू" म्हणायचा. बेंबळीतली रात्र तिने एखादे वेळी गिळली असती, पुरुषांचं असतंच म्हणून. पण हे आजारपण तिला गिळता येत नव्हतं. रात्र काय, कुणाकडेही काढता येते. माणूस घाबरतो ते एखाद्याच माणसापाशी.

डॉक्टरांनी ठरवलं ते असं. आज औषध द्यायचं नाही. पण गाठ बघायची तर औषधाशिवाय नीट बघता येणार नाही, आणि ती लवकर बघायला हवी. तेव्हाचं औषध जुन्या जातीचं असावं, आता त्याहून सौम्य मिळतं, ते वापरू. आज रात्री आणि उद्या सकाळी घ्यायच्या गोळ्या देतो, त्यांनी अंग तयार होतं. उद्या भूलतज्ज्ञ इथे हजर राहतील. "तरीही धोका शून्य होत नाही," ते म्हणाले. "पण कळलंय, त्यामुळे तयारीत राहू. आणि या आजींना उद्या आणा. तो त्रास सुरू होताना यांनी पाहिलाय."

बाहेर आल्यावर रिक्षात महारुद्र मध्ये बसला. डेपोसमोर रिक्षा आली तेव्हा अयोध्या म्हणाली, "मला इथं सोडा. बेंबळीची जीप मिळंल अजून."

"आन् सकाळी परत कशानं येणार?" उमाबाई म्हणाली. "बसा."

वास्तुशांतीनंतर अयोध्या त्या घरात आली नव्हती. तेव्हाही ती मांडवातून आत आली नव्हती. आता ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबली आणि कुठे बसू असं विचारावं तशी बघत राहिली. उमाबाईने पाट सरकवला. महारुद्र बाहेरच्या खोलीत टीव्ही लावून बसला. आवाज मोठा ठेवला होता, आणि त्याचं लक्ष टीव्हीकडे नव्हतं हे दोघींनाही माहीत होतं.

"मेथी निवडू का?" अयोध्याने विचारलं.

"निवडा."

उमाबाईने पीठ मळायला घेतलं. मळता मळता ती म्हणाली, "काय काय खात हुते तिथं?"

"काय खात्यात? पेज. मऊ भात."

"त्यांना भात आवडत न्हाय."

"तवा खात हुते."

"रडले का?"

अयोध्याने काडी बाजूला टाकली. "उमा, कशाला ते? झालं गेलं."

"सांगा की. एवढं सांगितलं डाक्टरला. मला सांगाया काय जातंय?"

"रडले थोडं. दवाखान्यात रडतंय माणूस."

उमाबाईने पिठावर मूठ दाबली. तिला जो प्रश्न विचारायचा होता तो दुपारपासून घशात होता. तो विचारणं म्हणजे अयोध्यापुढे पदर पसरण्यासारखं होतं, आणि ते तिला माहीत होतं.

"माझं नाव घेतलं का?"

बाहेर टीव्हीवर जाहिरात लागली होती. अयोध्या पानं खुडत राहिली. तिला खोटं बोलता आलं असतं. उमाबाईला वाटलं, आता ती काहीतरी गोड सांगेल, आणि ते गोड सांगणं ऐकून घ्यावं लागेल.

"घेतलं की," अयोध्या म्हणाली. "शुद्धीवर आले तसं पयलं तुझंच नाव घेतलं. म्हणले, उमाला कळू देऊ नगंस."

उमाबाईने भाकरी थापायला घेतली. ती थापता थापता फाटली. तिने ती मोडून पुन्हा गोळा केला. थोड्या वेळाने तिच्या नाकातून एक आवाज आला. अयोध्याने दचकून वर पाहिलं तर उमाबाई हसत होती, पिठाचा हात तोंडावर धरून, खांदे हलवत. मग ते हसणं राहिलं नाही. अयोध्या उठली, आणि जवळ न येता तिने गॅस तेवढा बारीक केला.

जेवताना उमाबाईने गोळ्या स्वतः काढून महारुद्रच्या हातात दिल्या.

"पाण्यासंगं घ्या. सकाळच्या मी देते."

"बरं," तो म्हणाला. "उमा..."

"जेवा."

सकाळी सेंटरमध्ये भूलतज्ज्ञ आधीच येऊन बसले होते. अक्षदाने ट्रेमध्ये इंजेक्शनं भरून ठेवली होती. ऑक्सिजनचा सिलिंडर दारापाशी आणला होता. साधा फोटो कालच झाला असला तरी पुन्हा एक काढणार होते, मग औषध.

"काचेच्या अलीकडे एकजण थांबू शकेल," अक्षदा म्हणाली. "खोली लहान आहे. कोण येताय?"

उमाबाईने सकाळी जांभळी इरकल नेसली होती, समारंभाला नेसायची ती. काचेतून तो बघेल तेव्हा आपण दिसायला हवं, म्हणून. रात्रभर तिने तेच ठरवलं होतं. महारुद्र झगा घालून उभा होता. त्याने डोळे खाली घातले नाहीत. तो वाट बघत होता.

"मी येते," उमाबाई म्हणाली आणि दोन पावलं गेली. मग थांबली. शिंक म्हणजे कुठली शिंक? कानाच्या पाळ्या किती लाल? एसीच्या गारठ्याने कुणालाही शिंक येते. ती तिथे उभी राहील, तिला काही कळणार नाही, आणि कळलं असं ती मानून घेईल. काल तिने तसंच केलं होतं.

"अक्का, तुम्ही जावा," ती म्हणाली. "मला ते कसं सुरू होतंय ते ठावं न्हाय."

अयोध्या आत गेली. लाल दिवा लागला.

उमाबाई बाकावर एकटी बसली. आतून यंत्राची घरघर ऐकू येत होती आणि मध्येच रेकॉर्ड केलेल्या बाईचा आवाज, श्वास रोखा, श्वास सोडा. आता औषध सोडलं असेल. आता ते दंडातून छातीत गेलं असेल. आता तो काचेकडे बघत असेल आणि काचेत अयोध्या असेल. तिला वाटलं, थोड्याशा गांध्या याव्यात. जिवावरचं नको, थोड्याशाच. म्हणजे बाहेर आणतील, आणि या वेळी पाठ चोळायला ती असेल. ते मनात आल्याबरोबर तिने कानाला हात लावला, एकदा, मग दुसऱ्या कानाला. टेबलामागच्या मुलाला वाटलं, ती देवाचं नाव घेतेय.

आवाज थांबला. दार उघडून अयोध्या बाहेर आली. तिच्या कपाळाला त्या थंड खोलीतही घाम होता.

"शिंकले न्हायत," ती म्हणाली. "पाळ्या बी लाल न्हाय झाल्या. हसायले. म्हणले, झगा कोरडाय."

"कुणाला म्हणले?"

"त्या पोरीला."

उमाबाईने मान हलवली. अयोध्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. डॉक्टर अर्धा तास त्याला आतच ठेवणार होते. उशिरानेही काही होऊ शकतं, असं अक्षदाने येऊन सांगितलं. रिपोर्ट उद्या मिळणार होता. गाठ काय आहे, ते तेव्हाच कळणार होतं. अर्धा तास दोघी मधली जागा तशीच ठेवून बसल्या. एक बाई लेकराला घेऊन आली आणि तिने विचारलं, इथं कुणी बसलंय का? दोघी एकदम म्हणाल्या, बसा. पण लेकरू रडायला लागलं तशी ती उठून गेली.

दाराची कडी वाजली. महारुद्र स्वतःच्या सदऱ्यात उभा होता, कोपराच्या वळणात कापसाचा बोळा धरून. उजेडात आल्याने त्याचे डोळे किलकिले झाले होते आणि समोर बाकाच्या दोन टोकांना दोघी बसल्या आहेत हे त्याला अजून नीट दिसत नव्हतं. क्षणभरात दिसलं असतं, आणि तो आधी कुणाकडे बघतो तेही कळलं असतं.

उमाबाई चटकन खाली वाकली आणि बाकाखाली त्याच्या चपला शोधू लागली. चपला तिच्या पायाशीच होत्या. तरी ती जरा वेळ वाकूनच राहिली.